सोळा मिलिमीटर पावसात द्राक्षबाग कशी जगते? तुर्पानबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात चीनच्या पश्चिमेकडच्या शिनजियांगमधल्या तुर्पान शहरावर पानभर लिहिलं होतं. समुद्रसपाटीच्या खाली गेलेल्या खोलगट भागातलं, वाळवंटाला चिकटलेलं, वर्षाला जेमतेम १६ मिलिमीटर पाऊस आणि तरी द्राक्षं-बेदाण्यासाठी चीनभर नाव असलेलं शहर, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज एवढे आले की या महिन्याचं सगळं सदर तुर्पानलाच द्यायचं ठरवलं. निम्म्याहून जास्त प्रश्न सांगली, सोलापूर, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातले आहेत. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, बेदाण्याच्या शेडमध्ये खेळून मोठी झालेय, आणि कोविडच्या आधी एका सप्टेंबरात पाच दिवस तुर्पानला राहून आले, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, १६ मिलिमीटर ही छपाईची चूक आहे का? आमच्याकडे दुष्काळी तालुका म्हणतात तरी चार-पाचशे मिलिमीटर पडतो, आणि तरीसुद्धा म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधी आम्ही बागा टँकरवर जगवल्यात. मग यांना पाणी येतं कुठनं? (एक द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ)

दादा, चूक नाही, सोळाच. आणि बाष्पीभवन धराल तर वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर, म्हणजे उघड्या पाटानं पाणी न्यायचं म्हटलं तर अर्ध्या वाटेतच उडून जाईल. पावसाचा हिशोब तिथे कुणी धरतच नाही, त्यांचं पाणी येतं बर्फातून. शहराच्या उत्तरेला तियानशानची रांग आहे, त्यातलं बोग्दा शिखर ५,४४५ मीटर उंच, आणि दक्षिणेला या खोलगट भागाच्या अगदी तळाशी आयदिंगकोल नावाचं खारं तळं, ते समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली. म्हणजे एका बाजूला बर्फाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खड्डा, आणि मध्ये नुसता उतार. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पाणी पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या माळात, ज्याला तिकडे गोबी म्हणतात, तिथे मुरतं आणि जमिनीच्या पोटातून खाली सरकत राहतं. तुर्पानच्या लोकांनी त्या मुरलेल्या पाण्याला जमिनीखालूनच गावापर्यंत वाट करून दिली, त्याला तिथल्या उइगुर लोकांच्या भाषेत कारीझ म्हणतात.

कारीझ म्हणजे काय ते नीट सांगते कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. डोंगराच्या बाजूला, जिथे जमिनीत पाणी आहे तिथपासून गावापर्यंत एका ओळीत विहिरी खणायच्या, वरच्या साठ-सत्तर मीटर किंवा त्याहून खोल, खाली येत जाल तशा उथळ, आणि सगळ्यांचे तळ एका बोगद्याने जोडायचे. खरी अक्कल आहे ती उतारात. जमिनीच्या उतारापेक्षा बोगद्याचा उतार थोडा कमी ठेवतात, त्यामुळे जमीन भराभर खाली उतरते, बोगदा सावकाश उतरतो, आणि गावाजवळ दोघांची गाठ पडते, तिथे पाणी आपोआप उजेडात येतं. मोटर नाही, लाइट नाही, रात्री तीनला उठून स्टार्टर दाबायला जायचं नाही. विहिरी पाणी काढायला नसतातच, त्या माती वर काढायला, हवा खेळायला आणि नंतर गाळ काढायला उतरायला. आणि आत सरळ रेषेत खणायचं कसं, तर खणणारा पाठीमागे तेलाचा दिवा ठेवायचा आणि समोरच्या मातीवर पडलेल्या आपल्याच सावलीच्या मधोमध कुदळ मारायचा, सावली बाजूला सरकली की समजायचं आपण वाकडे चाललोय.

मी एका कारीझच्या तोंडाशी बसले होते. वर ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, आणि तिथे तुतीच्या सावलीत गुडघाभर खोल पाट, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. हात घातला तर मिनिटभरात बोटं बधिर झाली. एक आजी आल्या, त्यांनी ओट्यातून खरबूज काढून त्या पाण्यात बुडवून ठेवलं, दगड लावला वाहून जाऊ नये म्हणून, आणि घरी गेल्या. अर्ध्या तासाने येऊन घेऊन गेल्या, गार झालेलं.

प्रश्न: तुम्ही वर्णन केलंत ते वाचून आमच्या गावची नहर-ए-अंबरी आठवली. दोन्ही एकच का? आणि हे कुणी कुणाकडून शिकलं? (एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

सर, तुमचा अंदाज बरोबर आहे, तत्त्व एकच. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे तुमच्याच शहराला, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळा-बोगद्यांतून आणलं, आणि त्याच सुमारास, १६१५ साली, बुऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खानखानानच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. तो बघितला नसेल तर जरूर बघा, लिफ्टने खाली उतरता येतं आणि कुंड्यांची ओळ खालून दिसते. आपल्याकडे ही विद्या इराणातून आली याबद्दल फारसा वाद नाही, तिकडे याला कनात म्हणतात.

तुर्पानची गोष्ट जरा अडकलेली आहे. काही अभ्यासक म्हणतात इराणातूनच व्यापाऱ्यांच्या वाटेने आलं, काही म्हणतात चीनच्या मध्य भागात विहिरी बोगद्याने जोडायची पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीपासून होती ती इकडे आली, आणि काही म्हणतात इथल्याच लोकांनी शोधलं. शब्द मात्र फारसीच आहे, कारीझ, आणि मला वाटतं शब्द कुठून आला ते सहसा खोटं सांगत नाही.

एक माहिती मला फार विचार करायला लावते. १८४५ मध्ये लिन झेशू नावाचा चिनी अधिकारी तुर्पानला आला, कारीझ बघून थक्क झाला आणि आणखी कारीझ खणायला त्याने उत्तेजन दिलं. हा तोच लिन झेशू ज्याने १८३९ मध्ये कँटनजवळ ब्रिटिश व्यापाऱ्यांची वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली, मग युद्ध झालं आणि बादशहाने शिक्षा म्हणून त्याला पश्चिमेच्या टोकाला धाडलं. त्या काळात चीनला जाणारी माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जात होती. मुंबईतल्या कितीतरी जुन्या पैशाचं मूळ त्या अफूत आहे, आणि ती अडवणारा माणूस शिक्षा भोगायला गेला तो तुर्पानमध्ये पाण्याचं काम करून आला.

प्रश्न: आमची बेदाण्याची शेड आहे. चायनाचा माल बाजारात आला की आमचा दर पडतो, तो राग आहेच, पण खरं सांगा, त्यांचा बेदाणा एवढा हिरवा कसा राहतो? डिपिंग ऑइल कुठलं वापरतात? (एक बेदाणा उत्पादक, तासगाव)

दादा, राग समजू शकते, आमच्या घरी पण दर पडला की जेवणाच्या ताटावर तोच विषय असतो. चीनचा बहुतेक बेदाणा शिनजियांगचा आणि त्यात तुर्पानचं नाव मोठं, तेव्हा तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी आलाय.

पहिली गोष्ट, जात तीच. आपण ज्याला थॉमसन म्हणतो, ज्याच्यातून तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन निघाले, तीच तिथली मुख्य जात. चिनी भाषेत तिला ‘वूहबाय’ म्हणतात, म्हणजे बिनबियांचा पांढरा. आणि आपला बेदाणा हा शब्द फारसीतला, बे-दाना, म्हणजे दाणा नसलेला. हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि अंगावर काटा आला, की आम्ही पिढ्यान् पिढ्या जो शब्द तोंडात घेऊन वाढलो तोच अर्थ ती माणसं त्यांच्या भाषेत घेऊन बसलीत.

आता हिरवेपणाचं. आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि बारा-पंधरा दिवसांत माल तयार होतो, मग गंधकाची धुरी. तिथे जुनी पद्धत म्हणजे घड जसाच्या तसा सावलीत वाळवायचा. त्यासाठी कच्च्या विटांची उंच खोली असते, चुंचे म्हणतात. गावाबाहेरच्या उंचवट्यावर, जिथे वारा लागतो तिथे शेकडो चुंचे दिसतात, लांबून वाटतं भिंतींना जाळी विणलीय, कारण एक वीट आड एक भोक ठेवलेलं असतं. आत गेलं की आधी काही दिसत नाही, मग डोळे सरावले की वरपासून खालपर्यंत उभ्या काठ्या, काठ्यांना खुंट्या, खुंट्यांना घड, आणि प्रत्येक भोकातून उन्हाचा एक बारका ठिपका. ऊन आत शिरत नाही, शिरतो तो गरम कोरडा वारा. वास मात्र आमच्या शेडसारखाच, त्या वासाने मला एकदम आजोबांची आठवण आली. तीस ते चाळीस दिवस लागतात, ऊन न लागल्यामुळे हिरवा रंग टिकतो, आणि माल वाळला की काठी हलवतात, बेदाणा खाली सांडतो.

हे आपल्याकडे तसंच्या तसं जमणार नाही. आपल्या हवेत एवढा कोरडेपणा नाही, महिनाभर घड टांगून ठेवले आणि मध्येच मार्चमधला अवकाळी आला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुर्पानला सुगी ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाची भीतीच नाही. हां, आणि आता तिथेसुद्धा काही जण लवकर वाळावं म्हणून द्रावण वापरतात, त्यामुळे चायनाचा हिरवा बेदाणा दिसला की तो चुंचेतलाच असेल असं समजू नका. आपल्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याचं नाव पाकिटावर ठसठशीत छापा, ग्राहकाला वाचता येतं.

प्रश्न: थंडीत तिथे उणे तापमान जातं म्हणता, मग वेली मरत नाहीत? छाटणी कधी करतात? (एक वाचक, निफाड)

मरतील ना, म्हणून पुरतात. खरंच पुरतात, मातीत. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत छाटणी करून वेल मांडवावरून उतरवायचा, जमिनीवर आडवा निजवायचा आणि वर मातीचा जाड थर ओढायचा. थंडी आणि हिवाळ्यातला कोरडा वारा दोन्हीपासून वाचतो. मार्चच्या सुमाराला माती काढून वेल परत मांडवावर चढवतात, पूर्वी सगळं फावड्यानं चालायचं, आता मशीन आलीत पण हाताचं काम राहतंच. यासाठी वेल लवचिक ठेवावा लागतो, आपल्यासारखं एकच जाड सरळ खोड करून चालत नाही. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणजे वेलीला झोपच नाही, त्यांची वेल चार महिने मातीखाली झोपते. आणि हे आजकालचं नाही हो, तुर्पानजवळच्या यांघाई इथल्या थडग्यांमध्ये साधारण २३०० वर्षांपूर्वीच्या द्राक्षवेलीचा तुकडा सापडलाय, कोरड्या हवेमुळे टिकून राहिलेला.

प्रश्न: मी एफवायला इतिहास शिकते. ह्युएन त्संग तुर्पानवरून भारतात आला असं वाचलं, खरं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

खरं आहे, आणि तू विचारलंस म्हणून मला फार बरं वाटलं. तेव्हा तिथे गाओचांग नावाचं राज्य होतं, त्याच्या मातीच्या भिंती आजही शहरापासून थोड्या अंतरावर उभ्या आहेत. साधारण ६३० मध्ये ह्युएन त्संग तिथे पोचला तर राजा चू वनताय त्याच्या ज्ञानावर इतका लुब्ध झाला की जाऊच देईना, इथेच राहा म्हणून अडवून ठेवलं. ह्युएन त्संगने अन्नपाणी सोडलं. तिसरा दिवस उलटल्यावर राजा हरला, माफी मागितली, आणि मग नुसतं सोडलं नाही तर वाटेतल्या राजांना २४ पत्रं लिहून दिली, घोडे, माणसं, सोनं, रेशीम दिलं, फक्त परत येताना तीन वर्षं माझ्याकडे राहा एवढं वचन घेतलं.

आता पुढचं बघ. ह्युएन त्संग फिरत फिरत साधारण ६४१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत असं त्याने लिहून ठेवलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, ६४० मध्ये, चीनच्या तांग घराण्याच्या सैन्याने गाओचांग जिंकून घेतलं होतं, चू वनताय मेला होता. म्हणजे हा आपल्याकडे डोंगरातली लेणी-विहार बघत होता तेव्हा ज्याला वचन दिलं तो राजा जगात नव्हता. परतताना ह्युएन त्संग तुर्पानच्या वाटेने गेलाच नाही, दक्षिणेकडच्या खोतानवरून गेला आणि ६४५ मध्ये घरी पोचला. परीक्षेत सनावळी विचारतील, ती पाठ कर, पण हे तीन दिवसांचं उपोषण लक्षात ठेव.

प्रश्न: मोटर-पंप आल्यावर कारीझ राहिले का? आमच्या गावात एकेकाळी आड होते, आता हजार फुटांचे बोअर. (एक वाचक, जत)

राहिले, पण थोडे. १९५०च्या दशकात तुर्पानमध्ये बाराशेच्या वर कारीझ होते, सगळ्या बोगद्यांची लांबी मिळून पाच हजार किलोमीटर सांगतात. नंतर पंप आले, खोल बोअर आले, वस्ती आणि बागा वाढल्या, पाण्याची पातळी खाली गेली, आणि कारीझचं दुखणं असं की त्याला खाली जाता येत नाही. बोअर तुम्ही आणखी दोनशे फूट मारू शकता, बोगदा जिथे खणला तिथेच असतो, पातळी त्याच्या खाली गेली की तो सुकला. आता वाहते कारीझ काही शेच उरलेत. २००६ मध्ये शिनजियांगने कारीझ वाचवायचा वेगळा कायदा केला, नंतर दुरुस्तीची कामं झाली, ठिबक पण बरंच पसरलंय, आणि २०२४ मध्ये तुर्पानच्या कारीझना जागतिक सिंचन वारशाचा दर्जा मिळाला. पण गाळ काढायला खाली उतरणारी माणसं म्हातारी झालीत, ते अंधारातलं, थंड पाण्यात उभं राहून करायचं काम पोरांना नको, त्यांचं काय चुकलं?

मला स्वतःला सगळ्यात लागलं ते हे की कारीझ स्वतःच मर्यादा घालत होता. जेवढं मुरेल तेवढंच वाहील, त्याहून जास्त मागायची सोयच नाही. पंपाला ती मर्यादा नाही, ती माणसाने घालायची असते, आणि ती जतमध्ये पण घालता आली नाही आणि तुर्पानमध्ये पण नाही. आयदिंगकोलचं तळं पूर्वी खूप मोठं होतं, आता बहुतेक जागी मिठाचा कडक पापुद्रा आहे, पाय टाकला की कर्रकन वाजतो.

प्रश्न: फिरायला जायचं असेल तर कधी जावं? उन्हाळा झेपेल का? (एक काकू, ठाणे)

काकू, जुलैत अजिबात नको. १६ जुलै २०२३ ला तिथल्या सानबाओ गावात ५२.२ अंश नोंदलं गेलं, चीनमधला विक्रम आहे तो. सप्टेंबर चांगला, द्राक्षं पण असतात. शिनजियांगची राजधानी उरुमचीहून बुलेट ट्रेन आहे. द्राक्षांची दरी, १७७८ मध्ये पूर्ण झालेला एमिन मिनार, जियाओह हे जमिनीत कोरून काढलेलं जुनं शहर, आणि पलीकडे शानशान, जिथे गावाची गल्ली संपते आणि लगेच वाळूच्या टेकड्या सुरू होतात, एवढं बघा. घड्याळाचा गोंधळ होईल, सरकारी वेळ बीजिंगची आणि लोकांची स्थानिक वेळ त्याच्या दोन तास मागे, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे, तेव्हा कुणी वेळ दिली तर कुठली ते विचारा. जेवायला नान, पोलो म्हणजे आपला पुलाव, आणि हाताने ओढलेले लगमन नूडल्स. शाकाहारी असाल तर आधीच सांगावं लागेल.

प्रश्न: तुम्ही द्राक्षांवर एवढं लिहिलंत, पण उइगुर लोकांबद्दल जे ऐकतो त्यावर एक ओळ नाही. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मुंबई)

नाही, बरोबर नव्हतं. जागा कमी होती हे कारण पुरेसं नाही. तुर्पानच्या सुमारे सात लाख लोकांत बहुसंख्य उइगुर आहेत, ज्या कारीझचं आणि चुंचेचं मी कौतुक करतेय ते पिढ्यान् पिढ्या चालवलं मुख्यतः त्यांच्याच हातांनी. २०१७ पासून शिनजियांगमध्ये फार मोठ्या संख्येने उइगुर आणि इतर मुस्लिम लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. चीन सरकार म्हणतं ती प्रशिक्षण केंद्रं होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. अमेरिकेने जून २०२२ पासून शिनजियांगचा कुठलाही माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे सिद्ध केल्याशिवाय आत घेणं थांबवलं, त्यात बेदाणा पण आला. मी गेले तेव्हा चौकाचौकात तपासणी होती, आणि ज्या माणसांशी बोलले त्यांच्याबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही, कारण त्यांना त्रास व्हायला नको. जायचं की नाही, घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

प्रश्न: पासपोर्ट नाही, चीन लांब. इथे राहून तुर्पानचं काही बघता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

येईल. तुर्पानजवळ बेझेक्लिक नावाची बौद्ध लेणी आहेत, त्यातली भित्तिचित्रं शंभर वर्षांपूर्वी परदेशी संशोधकांनी कापून नेली. जर्मनांनी बर्लिनला नेलेली बरीचशी मोठी चित्रं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली. ब्रिटिश पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने काढलेली मात्र दिल्लीला आली आणि आजही नॅशनल म्युझियमच्या मध्य आशिया संग्रहात आहेत. जायच्या आधी ते दालन उघडं आहे का तेवढं फोन करून विचारा, आणि सोलापूरहून निघताना अजिंठा बघून जा, म्हणजे समोर उभं राहिल्यावर डोळे आणि बोटं कुठल्या हातवळणाची आहेत ते तुमचं तुम्हालाच ओळखू येईल.